पिवळ्या जाकिटातलं मूल

१

माझा आणि ईस्टरचा संबंध एवढाच, की त्या रविवारी दुकानं बंद असतात आणि मला कुणाची वजनं तपासायला जावं लागत नाही. वजनमापं तपासणं ही माझी नोकरी. सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीला मी दुकानातलं प्रत्येक वजन उचलून, आमच्या पेटीतल्या प्रमाण वजनाशी ताडून बघायचो. पुढे पुढे शिक्का बघूनच सही ठोकायला लागलो. शिक्का जागेवर असला, साल चालू असलं, की वजन खरं. सगळेच असं करतात आणि त्याने आजवर कुणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही.

त्या वर्षी बहिणीचा पाय मोडला. ती राहते मोठ्या शहरात, चौथ्या मजल्यावर. नवरा जहाजावर, सहा महिने समुद्रात. घरात दोन मुलं आणि ही प्लास्टरमध्ये पाय घालून पलंगावर. मी रजा टाकून चार दिवस गेलो. ईस्टरच्या मेळ्याला मुलांना नेण्याचं तिने कबूल केलेलं, ते माझ्या गळ्यात पडलं.

"दादा, तुला झेपेल ना?" तिने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

"अगं, दोन पोरं आहेत. दोन ट्रक नाहीत."

"धाकट्याचा हात सोडू नकोस. तो कुठे, कशात शिरेल नेम नाही. दोघांना जसं नेतोयस तसं आणून दे मला."

"पावती करून देऊ का?"

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. तिच्या मनात धाकधूक होती आणि ती साहजिक होती. मुलं अशी दिवसभर माझ्या एकट्याच्या ताब्यात पहिल्यांदाच येत होती.

मोठी नऊ वर्षांची. तिला घरात आजीबाई म्हणतात, कारण ती बोलतेच तशी. धाकटा सहाचा. तो भुंगा. त्याच्या तोंडाला क्षणभर उसंत नाही, प्रश्न नसला तर गुणगुण. पिवळं जाकीट घालून तो जिन्यावरून धावत सुटला आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आपटला. उजवा गुडघा चांगला सोलवटला. परत वर नेऊन मी गुडघा धुतला, बँडेज लावलं, पँट खाली केली आणि त्याला उचलून चार मजले उतरलो. साडेएकोणीस किलो, बूट धरून. माझे हात खोटं सांगत नाहीत.

२

बसमध्ये त्याने मला विचारलं, "मामा, आपण उतरलो की बसला हलकं वाटतं का?"

"थोडंसं वाटत असेल."

"मग ती आपल्याला शोधते का?"

"बसला तेवढी अक्कल नसते," आजीबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली.

मेळा एका प्रचंड हॉलमध्ये होता. एरवी तिथे यंत्रांची प्रदर्शनं भरत असावीत. छताला लोखंडी तुळया, खाली करडी फरशी, आणि त्यावर कागदी फुलं, पुठ्ठ्याचे ससे, रंगीत अंड्यांचे ढीग. हजारेक पोरं. आवाज असा, की स्वतःचा विचार ऐकू येत नव्हता.

दारात प्रत्येक मुलाच्या मनगटाला एक कागदी पट्टी बांधत होते आणि तोच नंबर मोठ्यांच्या मनगटावर. एकदा चिकटवली की फाडल्याशिवाय निघत नाही. आजीबाई चारशे सोळा, भुंगा चारशे सतरा. माझ्या मनगटावर दोन्ही. व्यवस्था मला फार आवडली. दोन शिक्के, दोन्ही जुळले की माल खरा.

"मामा, टोचतंय," भुंगा म्हणाला. मग गुणगुणत म्हणाला, मग रडवेला होऊन म्हणाला.

शेवटी मी खिशातला छोटा चाकू काढला, पट्टी अलगद सोडवली, टोचणाऱ्या टोकाला एक घडी घालून पुन्हा सैलसर चिकटवली. सील सैल केलं म्हणून मी दुकानदारांना दंड करतो. पण पोरगं रडायला लागलं की कायदा कोण बघतो?

"सांगेन हं मी आईला," आजीबाई म्हणाली.

"सांग. मी तुझं नाव दंडाच्या वहीत लिहीन."

३

मेळ्यातला मुख्य खेळ म्हणजे एक लांबलचक कापडी बोगदा. आत अंधूक उजेड, ठिकठिकाणी लपवलेली चॉकलेटची अंडी. एका तोंडाने मुलं आत सोडायची, दुसऱ्या तोंडाने बाहेर यायची. मोठ्यांना आत मनाई.

दोघं आत गेली तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. मी पलीकडच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. तिथे हिरव्या टोपीतला एक स्वयंसेवक होता. मूल बाहेर आलं की तो त्याचं मनगट धरायचा, नंबर ओरडायचा, आणि ज्याचा नंबर असेल त्याच्या हातात हात द्यायचा. पोस्टात पत्रं वाटावीत तसं चाललेलं.

आजीबाई लवकर आली. भुंग्याला वेळ लागला. बोगद्याचं कापड कुठेकुठे फुगत होतं, बसत होतं. मी भिंतीवरचं परतीच्या बसचं वेळापत्रक वाचत होतो. सव्वापाचची गाठायची की पावणेसहाची, याचा हिशेब चाललेला.

"चारशे सतरा!"

मी मनगट पुढे केलं. स्वयंसेवकाने दोन पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या, मान डोलावली आणि एक छोटा हात माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि चालायला लागलो. वेळापत्रकावरून नजर काढली ती वीसेक पावलं गेल्यावर. खाली बघितलं. पिवळं जाकीट, भुंग्याचे केस, भुंग्याचं नाक, भुंग्याचा चेहरा.

"मिळाली का अंडी?"

"हो, मामा," तो म्हणाला.

४

सव्वातीनला लाउडस्पीकरवर पहिली घोषणा झाली. बाईचा आवाज, कंटाळलेला. पिवळ्या जाकिटातला एक मुलगा, वय सुमारे सहा, हरवलेल्या मुलांच्या काउंटरवर आहे. मामाबरोबर आलो म्हणतो. मामांनी येऊन घेऊन जावं.

मला हसू आलं. भुंग्याचा हात वर करून म्हटलं, "ऐकलंस? तुझ्यासारखाच आहे एक वेंधळा."

तो हसला नाही. शेजारी एक गृहस्थ मुलीला खांद्यावर घेऊन उभे होते, त्यांनी माझ्याकडे आणि भुंग्याच्या जाकिटाकडे बघितलं.

"तुमचाच नाही ना?" ते म्हणाले. "काखेत कळसा नि गावाला वळसा व्हायचा."

"कळसा घट्ट धरलाय," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो.

पिवळी जाकिटं त्या हॉलमध्ये काय कमी होती? मला उभ्या उभ्या पाच दिसली. मामा तर जगात पोत्याने असतील. मी मुलांना सरबत घेऊन दिलं. आजीबाईने घेतलं नाही. माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन ती माझा हात दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"भावाशी भांडलीस का?"

तिने मान हलवली. नाही.

पावणेचारला पुन्हा घोषणा. तोच मुलगा. उजव्या गुडघ्याला बँडेज आहे. मनगटावरची पट्टी सैल होती म्हणून बोगद्यात पडली, असं सांगतो. मामांनी लवकर यावं.

बँडेज म्हटल्यावर मला जिन्याचं वळण आठवलं. खोटं कशाला बोलू? पण डोकं लगेच कामाला लागलं. पोरं पडतातच. बँडेज लावलेले गुडघे त्या हॉलमध्ये डझनभर असतील. पट्टी सगळ्यांनाच टोचत असणार, माझ्यासारखे शहाणे आणखी चार निघाले असतील. मी खाली बघितलं. चारशे सतरा माझ्या डोळ्यांसमोर होता, या मनगटावर. पट्टी घट्ट बसली होती. मी घातलेली घडी दिसत नव्हती, पण घडी आतल्या बाजूला गेली असेल.

पँट वर करून गुडघा बघायला एक क्षण लागला असता. मी नाही बघितला. का नाही, ते मला त्या वेळी विचारलं असतं तर म्हणालो असतो, भर गर्दीत कुठे पोराला उघडं करायचं. खरं म्हणजे मला भीती वाटली.

"मामा," आजीबाई म्हणाली, "तो बोलावतोय."

"कोण?"

"भुंगा."

"अगं, भुंगा हा काय, इथे आहे."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "हो," म्हणाली. समोरचा माणूस ऐकणारच नाही हे कळल्यावर मोठी माणसं म्हणतात तसं.

५

मी त्याला बाकावर बसवलं आणि समोर उकिडवा बसलो.

"बसमध्ये तू मला काय विचारलंस रे?"

"काही नाही, मामा."

"काहीच नाही?"

"मी शहाण्यासारखा बसलो होतो."

आवाज त्याचाच. पण त्यात गुणगुण नव्हती. बोगद्यातून आल्यापासून ती मी ऐकली नव्हती, आणि हे माझ्या आता लक्षात येत होतं. दमला असेल, मी म्हटलं. सरबताने घसा बसला असेल. माणसाचं मन मोठं कामसू असतं, पाहिजे तेवढी कारणं पुरवतं.

उठताना मी त्याला उचललं. मुद्दामच उचललं. भाजीची पिशवी हातात घेतली की मी पाव किलोच्या फरकाने वजन सांगतो, बायका बाजारात माझी परीक्षा घेतात. सकाळी हाच मुलगा माझ्या हातावर चार मजले वळवळत होता, मान फिरवत होता, पाय झाडत होता, आणि त्याबरोबर त्याचं वजन इकडून तिकडे सरकत होतं.

आता ते सरकत नव्हतं. वीस किलो. साडेएकोणीस नाही, सव्वावीस नाही. आमच्या पेटीतलं प्रमाण वजन जसं हातात बसतं तसं, बरोब्बर वीस. इतकं नेमकं कुठलंच पोर भरत नाही.

मी त्याला खाली ठेवलं. माझ्या हाताला घाम आला होता. त्याचा हात कोरडा होता.

"चला," मी म्हटलं. "जरा त्या काउंटरवर जाऊन येऊ."

"आई वाट बघत असेल, मामा," तो म्हणाला. पण आला.

६

काउंटर हॉलच्या अगदी मागे होतं, जिथे मेळ्याची सजावट संपते आणि नुसत्या भिंती सुरू होतात. आवाजही तिथे कमी. एक टेबल, मागे दार, दाराला दुधी काच. टेबलाशी चष्म्याला दोरी लावलेली एक बाई कपातलं काहीतरी ढवळत होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार.

"नंबर?" ती म्हणाली.

"चारशे सतरा."

तिने माझं मनगट बघितलं, वाकून पोराचं बघितलं. "जुळतंय की. मग अडलंय कुठे?"

"ते पिवळ्या जाकिटातलं मूल. एकदा बघायचं होतं."

"हे काय प्रदर्शन आहे? तुमचं मूल तुमच्या हातात आहे. दुसऱ्याचं बघून काय करणार?"

तिचं चुकत नव्हतं. तिच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. दुधी काचेपलीकडे खुर्चीच्या उंचीवर एक पिवळा ठिपका दिसत होता, आणि कान दिला तर काहीतरी ऐकू येत होतं. बारीक, सलग, एका सुरात. गुणगुण.

"बाई," मी म्हटलं, "माझी चूक झाली असेल. मला वाटतं, आतला आमचा आहे."

"आणि हा?"

तिने चष्मा काढला, माझ्याकडे नीट बघितलं. दिवसभरात तिने बरेच नमुने बघितले असणार.

"इथे एकच नियम आहे," ती जरा मवाळ होऊन म्हणाली. "मोठी माणसं काहीही सांगतात. मुलाने ओळखलं तरच आम्ही देतो. मी दार उघडते. तुम्ही बोलायचं नाही, खुणावायचं नाही. त्याला बोलू द्यायचं."

तिने दार हातभर उघडलं.

खोली लहान होती. खुर्चीत मूल होतं, उजवी पँट गुडघ्यावर गुंडाळलेली. बँडेज मीच लावलेलं, एक कोपरा वाकडा गेलेला. गुणगुण थांबली. त्याने मान वर केली, मला बघितलं, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला. तो खुर्चीतून अर्धा उठला सुद्धा.

मग त्याची नजर माझ्या हाताकडे गेली. त्या हातात दुसरा हात होता.

मी तो सोडायला हवा होता. एवढीच गोष्ट होती. बोलायला मनाई होती, हात सोडायला नव्हती. पण सकाळपासून धाकट्याचा हात सोडायचा नाही हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की माझी बोटं आणखी आवळली गेली.

मूल परत खुर्चीत बसलं.

"हे तुझे मामा का रे?" बाईने विचारलं.

त्याने आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं. रडलं नाही. "नाही," म्हणालं. "हे माझे मामा नाहीत."

"भुंग्या!" आजीबाई ओरडली आणि पुढे धावली. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. बाईने दार लावून घेतलं.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "जा आता. पोरं दमलीत तुमची."

आणि मला, सांगायला लाज वाटते, सुटल्यासारखं झालं. मुलाने स्वतः सांगितलं होतं. नियमाने सांगितलं होतं. नंबर जुळत होता. आता मला कुणी काही विचारू शकणार नव्हतं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा आजीबाई मान मागे वळवून चालत होती. सव्वापाचची बस आम्हाला आरामात मिळाली.

७

"आली का माझी पाखरं!" बहिणीने पलंगावरूनच हात पसरले. दोघांपैकी एकच तिच्याजवळ गेला. तिने त्याला कुशीत घेतलं, केसांचा वास घेतला, गालाचे मुके घेतले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आईला कळतं म्हणतात. तिच्या चेहऱ्यावर आनंदाशिवाय काही नव्हतं, आणि माझ्या जिवात थोडा जीव आला.

त्याने सांगितल्याशिवाय हातपाय धुतले. स्वतः वाढून घेतलं. एकही शीत न सांडता जेवला आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात गेला. नळाचा आवाज यायला लागला.

"दादा, काय जादू केलीस रे?" बहीण हळूच म्हणाली. "हा ताट धुतोय. माझा मुलगा ताट धुतोय."

"मेळ्यात दमला असेल."

"नेत जा बाबा दर वर्षी." ती उशीला टेकली. सात वाजत आले होते. खिडकीबाहेर अजून उजेड होता. "अरे हो, एक गंमत सांगायचीच राहिली. चारच्या सुमाराला फोन आला होता."

"कुणाचा?"

"एका लहान मुलाचा. 'आई, मी आहे, मला न्यायला ये,' म्हणाला. मी म्हटलं, बाळा, चुकीचा नंबर लागला. माझा मुलगा त्याच्या मामाबरोबर गेलाय. तर म्हणतो कसा, 'मीच तो.' मला हसूच आलं. एखादं हरवलं असेल रे बिचारं, आणि नंबर चुकला असेल."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, नाही रे राजा, मामा माझ्या मुलाचा हात सोडायचे नाहीत. तुझी आई दुसरी कुणी असेल. ती येईल हं तुला न्यायला, घाबरू नकोस." तिने प्लास्टरच्या कडेला खाजवलं. "मग म्हणाला, 'बरं. मी थांबतो.'"

ते दोन शब्द तिने त्याच्याच सुरात म्हणून दाखवले. गंमत म्हणून. शेवट जरासा ओढत, नाकातून, गुणगुणल्यासारखा. म्हणून झाल्यावर ती हसत होती. मग आपणच काढलेला आवाज आपण ऐकावा तसं तिचं झालं, आणि तिचं हसू हळूहळू गेलं. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

आतला नळ बंद झाला.

"दादा," ती म्हणाली.

मेळा सहालाच संपतो हे मला माहीत होतं. तरी मी उठलो, बुटात पाय घातले, नाडी तशीच सोडून वळलो. दाराशी आजीबाई उभी होती. आल्यापासून ती तिथेच उभी होती. तिने बूट काढलेच नव्हते.